लाइट लागते, पण गाडी जागची हलत नाही

गड्डा, म्हणजे आमची सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, संपली की महिन्याभरात आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच बदलतो. एरवी मिक्सर, गिझर, इन्व्हर्टर, आणि फेब्रुवारीत मात्र रिमोटची गाडी. होम मैदानावरच्या स्टॉलवर गाडी गोल गोल फिरताना बघून पोरं हट्ट धरतात, गर्दीत आपणही फार घासाघीस न करता घेऊन टाकतो, आणि संक्रांतीचा हलवा संपायच्या आत गाडी कपाटावर. यावेळी एवढी पत्रं आली की अख्खं सदर त्यालाच दिलंय. फक्त एक तक्रार माझीही आहे, बरेच जण लिहितात 'गाडी चालू होत नाही' आणि खाली सही. अहो, डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'बरं नाही' एवढंच सांगून घरी येतो का आपण? लाइट लागते का, टकटक होतं का, मोटार गुणगुणते का, वास येतो का, एवढं तरी लिहा की.

प्रश्न : मुलाला गड्ड्यात साडेसहाशेची रिमोटची गाडी घेतली. पंधरा दिवस मस्त चालली. आता गाडीखालचं बटण ऑन केलं की पुढचे लाइट लागतात, रिमोटचाही लाल दिवा लागतो, पुढची चाकं डावी-उजवीकडे वळतात पण गाडी पुढे-मागे काहीच जात नाही. नवीन सेल टाकून बघितले, चार गाडीत आणि दोन रिमोटमध्ये. मिस्टर म्हणतात फेकून दे, पोरगं रडून घर डोक्यावर घेतंय.
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, फेकू नका आणि पोराला म्हणावं दोन दिवस दम धर. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही मधेच सहज लिहून गेलात, पुढची चाकं वळतात. म्हणजे रिमोट ठणठणीत, त्याचा सिग्नल गाडीपर्यंत पोचतोय, गाडीतलं सर्किट तो ओळखतंय, खालचा स्विचपण बरोबर. हे नसतं लिहिलं तर मी तुम्हाला रिमोट उघडायला लावला असता आणि एक रविवार फुकट गेला असता. या गाड्यांत बहुतेक दोन मोटारी असतात, एक छोटी पुढे वळवायला आणि एक मागे पळवायला. दुखणं मागच्या बाजूला आहे. एकतर सेल मागच्या मोटारीला पुरत नाहीत, नाहीतर तिची वायर सुटलीय, नाहीतर मोटार गेलीय, नाहीतर सर्किटमधले मोटार चालवणारे ट्रान्झिस्टर उडालेत. बघायचंही याच क्रमाने, कारण खर्चही याच क्रमाने वाढत जातो.

आता सेल. 'नवीन टाकले' असं सगळेच म्हणतात, पण कुठले टाकले? भिंतीवरच्या घड्याळात आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो ते साधे स्वस्त सेल असतात ना, झिंक-कार्बनचे, ते कोरे करकरीत असले तरी या गाडीला झेपत नाहीत. सोलापूरकराला हे समजवायला फार कष्ट नकोत. नळ बंद असताना वाटतं पाइपात प्रेशर आहे, बादली लावली की करंगळीएवढी धार. साध्या सेलचं तसंच, नुसता मीटर लावला तर दीड व्होल्ट दाखवतो, मोटारीने ओढलं की बसतो. एलईडीला दहा-वीस मिलिअँपिअर पुरतात म्हणून लाइट झोकात लागते, पुढची छोटी मोटार चाक एका बाजूला ढकलून मोकळी होते, पण मागच्या मोटारीला अख्खी गाडी जागची उठवायची असते आणि त्या क्षणी तिला अँपिअरभर किंवा त्याहून जास्त करंट लागतो, चालतानापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून आधी चारही सेल अल्कलाइनचे घाला. चारही म्हणजे चारही, तीन जुने एक नवीन असं चालत नाही, कमजोर सेल बाकीच्यांचा करंट अंगावर घेतो आणि शेवटी फुटून पाझरतो. नाहीतर रिचार्जेबल घ्या, निकेल मेटल हायड्राइडचे. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून लोक नाक मुरडतात, चार मिळून ४.८ च होतात, अल्कलाइनचे ६. पण ते ताणाखाली टिकतात आणि अशा बहुतेक गाड्या त्यांच्यावर मजेत पळतात.

घरी मल्टीमीटर असेल तर फारच छान, नसेल तर शेजारच्या वायरमनचा अर्ध्या तासासाठी मागून आणा. सेलच्या डब्याच्या दोन टोकांच्या पत्त्यांना मीटर लावा, गाडी हातात उचलून धरा आणि पोराला म्हणा पुढचं बटण दाब. आकडा सहाच्या आसपास होता आणि दाबल्यावर चारच्या खाली आला तर सेल किंवा डबा दोषी. आकडा जागचा हललाच नाही तर मोटार करंट घेतच नाहीये, पुढे शोधा.

'डबा दोषी' म्हणजे स्प्रिंगा. सेल काढून स्प्रिंगेकडे उजेडात बघा. पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड दिसली तर सेल पाझरलाय. अल्कलाइन सेलमधून येतं ते अल्कलीच, त्यामुळे कानातल्या काडीला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पुसलं की सुटतं, मग स्वच्छ पुसून, वाळवून, वरून काचपेपर हलकेच फिरवा. नुसता काळेपणा असेल तर पोराच्या कंपासमधलं खोडरबर पुरतं. ती पूड हाताला चोळू नका, डोळ्यांजवळ तर अजिबात नको. स्प्रिंग दबून आखडली असेल तर चिमट्याने थोडी ओढून वर काढा.

इथपर्यंत सगळं नीट असेल तरच स्क्रू काढायचे. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, आणि स्क्रू वाटीत. हसू नका, गाडी दुरुस्त होऊन स्क्रू हरवल्यामुळे रबरबँड लावून चालवलेल्या गाड्या मी बघितल्यात. मागच्या मोटारीला दोन वायरी येतात. पहिल्यांदा त्याच बघा, गाडी दोन-चारदा भिंतीवर आपटली की सोल्डरचा डाग सुटतो आणि वायर नुसती टेकून बसलेली असते, वरून बघितलं तर जोडलेली वाटते. चिमट्याने हळूच हलवून बघा. तसं असेल तर कोपऱ्यावरचा मोबाइल दुरुस्तीवाला पोरगा दोन मिनिटांत डाग मारून देईल. मोटारीच्या पायांवर एक पिवळट-तांबूस चकतीसारखा कपॅसिटर असतो, बहुतेक १०४ लिहिलेला, तो कचरा समजून काढू नका, मोटारीच्या ठिणग्यांचा गोंगाट तो गिळतो, नाहीतर गाडी आचके देत चालते.

वायरी बरोबर असतील तर मोटारीला दोन सेल थेट लावून बघा. फिरली तर मोटार निर्दोष, दोष सर्किटात. नाही फिरली तर बोटाने टिचकी मारा. टिचकी मारल्यावर सुटली, पुन्हा थांबवली, पुन्हा कधी सुटते कधी नाही, तर ओळखा की आतल्या तीन वेटोळ्यांपैकी एक मेलंय नाहीतर तिथला कम्युटेटर (वेटोळ्यांना वीज पोचवणारं फिरतं कडं) जळून काळा पडलाय, त्या जागी येऊन थांबली की मोटार उठत नाही. खूप जणांची 'ढकलली की पळते' ही तक्रार तीच. ही १३० नंबरची मोटार म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते, जुनी सोबत न्या, दांडा तेवढाच लांब आहे ना बघा आणि जुन्यावरची छोटी दातेरी गरारी काढून नव्यावर घाला. वायरी उलट्या लागल्या तर गाडी पुढे म्हणलं की मागे जाईल, बाकी काही बिघडत नाही, बदलून टाका.

राहता राहिले ट्रान्झिस्टर. गाडी कशात तरी अडकलेली असताना बटण दाबून धरलं की हेच जळतात, गरम प्लॅस्टिकचा वास आला होता का ते आठवा. बदलता येतात, ते काही महाग नसतात, पण बदलणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यायला लागणार आणि साडेसहाशेच्या गाडीला ते परवडतं का हे तुम्ही ठरवा. माझा अंदाज विचाराल तर तुमचं सेलवर किंवा वायरीवर सुटेल.

अशीच अजून तीन पत्रं आहेत पण त्यांच्या गाडीत काहीच होत नाही, लाइटपण नाही. त्यांच्यासाठी थोडक्यात. एकाची गाडी अगदी नवीन आहे, त्यांनी सेलच्या डब्यात पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी राहिलीय का बघावं, दुकानात सेल उतरू नये म्हणून घालतात ती. दुसऱ्यांची चार्जिंगची बॅटरी आहे, त्यांनी पांढरा कनेक्टर उघडून आतली धातूची पिन मागे सरकलीय का बघावं, बाहेरून कनेक्टर खट्कन बसतो आणि आत पिन पिनेला भेटतच नाही, हा दोष एवढा नेहमीचा आहे की मी आता बॅटरीच्या आधी पिन बघतो. तिसऱ्यांनी खालचा स्विच वीस-पंचवीस वेळा भराभर मागे-पुढे करावा, आत धूळ आणि काजळी बसते ती घासून निघते. आणि तिघांनीही सेलची उलट-सुलट दिशा परत एकदा बघा, रागावू नका, बघा.

प्रश्न : सर, मी आठवीत आहे. माझी गाडी चालू होते, आवाज येतो, मोटार फिरलालीय असं वाटतंय पण मागची चाकं गप. आधी हळू चालायला लागली, मग कर्रकर्र, आता नुसता आवाज. मोटार लै गरम होते. आमच्या घराखाली टॉवेलचे माग आहेत, मी तिथेच चालवतो. बाबा म्हणत्यात मोटार गेली.
— एक विद्यार्थी, अशोक चौक

उत्तर : मित्रा, पत्र असं लिहायचं असतं, मोठ्यांना दाखव. मोटार गेली असती तर आवाज कशाचा आला असता? बाबांना सांग मोटार बिचारी मरेस्तोवर काम करतीये, चाकापर्यंत पोचत नाहीये एवढंच.

आणि उत्तर तू स्वतःच लिहिलंयस, टॉवेलचे माग. मागाखालच्या जमिनीवर सुताचे तुकडे आणि कापसाचा फुफाटा किती असतो तुला ठाऊक आहे. गाडीचं चाक फिरताना त्यातला एखादा धागा धरतं आणि चातीवर गुंडाळावा तसा आपल्या दांड्यावर गुंडाळत जातं, चाक आणि बॉडीच्या मधल्या फटीत, जिथे वरून दिसत नाही. सोलापुरात धाग्याने बंद पडलेल्या गाड्या मी इतक्या उघडल्यात की एका गाडीतून निघालेला धागा मोजायची इच्छा झाली होती, मोजला नाही, पण हाताला दोन-तीनदा गुंडाळून उरला. मोटार त्या धाग्याशी भांडते म्हणून गरम होते. तुझी गाडी आधी हळू झाली ती या धाग्याने.

मागची चाकं काढ. मधे छोटा स्क्रू असतो, काही गाड्यांत चाक नुसतं दाबून बसवलेलं असतं, तेव्हा दोन्ही हातांनी सरळ बाहेर ओढायचं, वाकडं नाही. दांड्यावर गुंडाळलेला धागा छोट्या कात्रीच्या टोकाने एका जागी काप आणि चिमट्याने सोलून काढ. ब्लेड वापरायचं असेल तर बाबांना बसव शेजारी. मग चाक हाताने फिरवून बघ, मोकळं फिरायला पाहिजे.

पण कर्रकर्र झालं म्हणजे नुसता धागा नाही, गिअरपण दुखावलाय. मोटारीच्या दांड्यावर बोटाच्या पेराएवढीपण नसलेली प्लॅस्टिकची गरारी असते. चाक अडकलेलं आणि मोटार जोर लावतेय, अशात ती एकतर दांड्यावर फाटते किंवा तिचे नाहीतर शेजारच्या मोठ्या गरारीचे दात झिजतात. गिअरच्या डब्याचं झाकण उघड, मोटार सुरू कर आणि बघ. दांडा फिरतोय आणि गरारी जागेवर, तर ती फाटलीय, भिंगातून बघितलंस तर केसासारखी उभी चीर दिसेल. दोन्ही फिरतायत आणि पुढची थांबलीय तर दात गेलेत. फाटलेली गरारी काढून दांडा स्वच्छ पुसून फेविक्विकचा एकच बारीक थेंब काडीच्या टोकाने दांड्याला लावायचा, गरारी बसवायची आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. थेंब मोटारीकडे ओघळला तर मोटार कायमची चिकटली म्हणून समज, त्यामुळे लावताना दांडा खाली धर. हा तात्पुरता इलाज आहे, तेवढ्यात दातांची संख्या मोजून आणि दांड्याची जाडी बघून नवीन गरारी शोध.

शेवटी गिअरला थोडं पांढरं ग्रीस, मोहरीएवढं. खोबरेल तेल घालू नको, चार दिवसांत त्यात फुफाटा मिसळून शेंगा चटणी होते. आणि गाडी गच्चीवर चालव ना रे.

प्रश्न : दोन भावांना सारख्याच दोन गाड्या घेतल्या, भांडण नको म्हणून. आता एकाने बटण दाबलं की दोन्ही पळतात, आणि कधी कधी दोन्ही बंद. भांडण दुप्पट झालंय.
— शेळगी

उत्तर : दोन्ही २७ मेगाहर्ट्झ या एकाच रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या असणार. या जुन्या पद्धतीत रिमोट आणि गाडीची जोडी बांधलेली नसते, त्या फ्रिक्वेन्सीवरचा आवाज जो ऐकेल तो पळेल, आणि दोघं एकदम बोलले तर कुणालाच काही कळत नाही. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. एक गाडी बदलून २.४ गिगाहर्ट्झची घ्या, त्यात प्रत्येक रिमोट आपलीच गाडी ओळखतो. तिथेही एक गंमत आहे, दोन गाड्यांची जोडी एकाच वेळी लावायला घेतली तर अदलाबदल होऊ शकते, म्हणून पहिली गाडी-रिमोट चालू करून जुळवून घ्या, गाडीचा लुकलुकणारा दिवा स्थिर झाला की मगच दुसरी. आणि हो, रिमोटच्या टोकाला टीव्हीच्या रिमोटसारखा काळपट दिवा असेल तर ती इन्फ्रारेडची गाडी. रिमोट चालतोय का बघायला तो दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बहुतेक मोबाइलमध्ये जांभळट उजेड दिसतो, मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा. अशा गाड्या भर उन्हात नीट चालत नाहीत, तो बिघाड नव्हे.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. हॉबीची ब्रशलेस गाडी आहे, दोन सेलची ७.४ व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. परीक्षेमुळे गेल्या मेपासून गाडी कपाटात होती. आता काढली तर काहीच नाही. चार्जर बॅटरी लावल्याबरोबर एरर देतो. मित्र म्हणतो आधी निकेलच्या मोडवर थोडं चार्ज कर मग लिपोच्या मोडवर टाक, यूट्यूबवर दाखवतात. करू का?
— विजापूर रोड

उत्तर : करू नका. मित्राला पण सांगा करू नको. चार्जर एरर देतोय म्हणजे तो आपलं काम चोख करतोय. लिपोचा एक सेल भरलेला ४.२ व्होल्टचा, आणि ३ च्या खाली न्यायचा नसतो. खाली जाऊन महिनोन्महिने तसाच पडला की आत रासायनिक उलथापालथ होते आणि नंतर जबरदस्तीने करंट ढकलला तर सेल आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. निकेलच्या मोडवर चार्जरला सेलच्या व्होल्टेजशी देणंघेणं नसतं, डोळे झाकून करंट देत राहतो, म्हणून ती युक्ती 'चालते', आणि म्हणूनच ती वाईट. बॅलन्सच्या पांढऱ्या कनेक्टरवर मीटर लावून प्रत्येक सेल वेगळा मोजा. दोन किंवा दीड व्होल्ट दिसले, किंवा पाकीट जरासं जरी फुगलेलं वाटलं, तर त्या बॅटरीला नमस्कार. कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

एवढी उतरली कशी? दोन गोष्टींचा संशय. एक, तुम्ही गाडीचा स्विच बंद केलात पण बॅटरी कनेक्टरला तशीच ठेवलीत, बऱ्याच ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारी सर्किटं) बंद असतानाही थोडं थोडं पीत राहतात. आणि स्विचच चालू राहिला असेल तर मग दोन-तीन दिवसच पुरले. दुसरं, आपल्याकडचा मे. सोलापुरात पारा ४२-४३ ला असतो तेव्हा पत्र्याखालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात काय होत असेल. बॅटरी महिनाभर वापरायची नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून, गाडीतून काढून, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा, चार्जरमध्ये त्यासाठी स्टोरेजचा मोड असतो.

नवीन बॅटरी आल्यावर गाडी लगेच चालेलच असं नाही, म्हणून पुढचंही सांगून ठेवतो, परत पत्र नको. आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना उलट, आधी गाडी. कारण रिमोट नसताना गाडी जागी झाली आणि तिने भलताच सिग्नल पकडला तर फुल थ्रॉटलवर, म्हणजे पूर्ण वेगात, भिंतीत जाते. ईएससी सारखी टीं टीं करत राहिली तर तिला रिसिव्हरकडून सिग्नल येत नाहीये किंवा थ्रॉटल मधोमध नाहीये, रिमोटवरचा ट्रिम (बारीक जुळवणीचं बटण) शून्यावर आणा आणि तरीही नाही ऐकलं तर माहितीपत्रकात बघून थ्रॉटल पुन्हा कॅलिब्रेट करा. स्टिअरिंग वळतंय का बघा, तीच युक्ती जी वरच्या ताईंना सांगितली. इथे रिसिव्हरला वीज ईएससीतूनच येते, त्यामुळे रिसिव्हरचा दिवाच लागत नसेल तर तीन वायरींचा प्लग उलटा बसलाय का बघा, लाल मधे असल्यामुळे उलटा बसला तरी बहुतेक वेळा जळत नाही, नुसतं चालत नाही. स्टिअरिंग वळतंय आणि मोटार जागेवर थरथरतेय पण फिरत नाही, तर ब्रशलेसच्या तीन वायरींपैकी एक सैल आहे, तिन्ही काढून परत घट्ट बसवा. मोटार फिरतेय आणि गाडी नाही, तर पिनियनचा (मोटारीच्या दांड्यावरच्या छोट्या गरारीचा) बारीक स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवर आवळा, वर्षभरात हमखास सैल होतो.

नवीन बॅटरी पहिल्यांदा चार्ज करताना समोर बसा. फरशीवर ठेवा, गादीवर नको. रात्री लावून झोपायचं तर नावच काढू नका.

प्रश्न : भाचा पुण्याहून जाताना त्याची नायट्रो इंजिनची गाडी मला देऊन गेला, दोरी ओढून चालू होते ती. तासभर दोरी ओढली, खांदा दुखायला लागला, गाडी फुर्र पण करत नाही. टाकीत पेट्रोल घालून बघू का? आता तर दोरीच ओढली जात नाही, अडकल्यासारखी झालीय. वय ५८.
— होटगी रोड

उत्तर : काका, पेट्रोल घातलं नसेल तर बरं झालं पत्र लिहिलंत, घातलं असेल तर आधी सगळं काढून टाका. स्कूटरला स्पार्क प्लग असतो, ठिणगीवर पेट्रोल पेटतं. या इंजिनात ठिणगी नाहीच. ग्लो प्लग असतो, त्यात प्लॅटिनमच्या तारेचं बारीक वेटोळं, आणि इंधन म्हणजे मेथनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. सुरू करताना तारेला बाहेरून दीड व्होल्ट देऊन लालबुंद करायचं, एकदा इंजिन धरलं की मेथनॉल आणि प्लॅटिनम मिळून तार आपोआप तापलेली राहते. पेट्रोलचं आणि त्या तारेचं असं काही जमत नाही.

बाहेरून दीड व्होल्ट द्यायला एक वेगळा ग्लो इग्नायटर लागतो, हातात मावणारा, प्लगच्या डोक्यावर बसणारा. भाच्याने तो दिलाय का? माझी शंका अशी की तो पुण्यातच राहिलाय, आणि तुम्ही तासभर थंड प्लगवर दोरी ओढलीत. त्यामुळे इंधन आत जात राहिलं, जळालं नाही, आता पिस्टनच्या वर तुंबलंय. द्रव दाबला जात नाही म्हणून दोरी अडकली. जोर लावू नका, दोरी तुटेल किंवा आतला कनेक्टिंग रॉड वाकेल. ग्लो प्लग पान्याने काढा, तिथे कापड धरा आणि दोरी पाच-सहा वेळा हलकेच ओढा, इंधन पिचकारीसारखं बाहेर येईल, तोंड बाजूला ठेवा. काढलेला प्लग इग्नायटरला लावून बघा, वेटोळं झगझगीत नारिंगी झालं पाहिजे. नुसतं अंधुक लाल असेल तर इग्नायटर चार्ज करा, आणि काहीच नसेल तर प्लग गेला, नवीन घाला.

मग प्लग परत बसवा, इंधन ताजं घ्या, जुनी अर्धी बाटली वापरू नका कारण मेथनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर बोट ठेवून दोन-तीनदा दोरी ओढली की पारदर्शक नळीतून इंधन कार्ब्युरेटरपर्यंत चढताना दिसतं. दिसलं की बोट काढा, नाहीतर परत तुंबेल. आता इग्नायटर बसवा आणि छोटे भराभर झटके द्या, वीतभर किंवा थोडे जास्त, दोरी शेवटपर्यंत ओढायची नाही, आतली स्प्रिंग तिथेच तुटते. गाडी उचलून धरा किंवा विटेवर ठेवा म्हणजे चाकं अधांतरी राहतील. कार्ब्युरेटरच्या सुयांना (इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूंना) आत्ता हात लावू नका, भाच्याने जिथे ठेवल्यात तिथेच बहुतेक बरोबर असतील.

हे सगळं मोकळ्यावर करा, घरात नाही, आणि नातवंडांना लांब ठेवा. मेथनॉल पोटात गेलं तर विष आहे, आणि त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळपास दिसत नाही, पेटलेलं कळत नाही. इंधन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका.

पण सगळ्यात आधी भाच्याला फोन करा आणि इग्नायटर कुठे आहे ते विचारा.